आडवं होऊन गाडी बघणाऱ्या बाई

बाई गाडी घेण्याआधी तिच्यात आडव्या होऊन बघत.

करोलबागेतल्या जुन्या गाड्यांच्या बाजारात विक्रेता बॉनेट उघडून इंजिन दाखवायला लागला, की बाई मागच्या दाराकडे जात. दार उघडायला सांगत. चपला बाहेर काढून ठेवत आणि मागची सीट पाडून सरळ आत झोपत. डोळे मिटलेले, हात पोटावर. पहिल्या दुकानात मालकाला वाटलं, उन्हानं चक्कर आली. तो धावत पाण्याची बाटली घेऊन आला. बाईंनी डोळे न उघडता सांगितलं, "पानी बाद में. पहले ये बताइए, पैर कहाँ रखूँ?"

बाईंची उंची पाच फूट आठ इंच होती. पाय दुमडावे लागले, की त्या उठत, चपला घालत आणि म्हणत, "छान आहे. पण मला नको." दुसऱ्या महिन्यापर्यंत त्या बाजारात त्यांचं नाव 'लेट के देखने वाली मॅडम' पडलं होतं. बाईंना ते माहीत होतं. त्यांना ते आवडलेलंही होतं.

त्यांचा हिशेब साधा होता. त्यांना हिमालयात एकटीनं फिरायचं होतं. तंबूत झोपलं, तर सकाळी जमिनीवरून उठावं लागतं, आणि त्यांचे गुडघे जमिनीवरून उठत नव्हते. म्हणून गाडी हाच तंबू. जिच्यात सरळ झोपता येत नाही, ती गाडी कितीही दणकट असली तरी बाईंच्या दृष्टीनं बिनछपराचं घर होती.

या शोधात मी त्यांच्याबरोबर असे. मी नोएडात बातम्यांच्या नोकरीत आहे आणि सुट्टी आठवड्याच्या मधल्या वारी येते, जेव्हा बाजारात गर्दी नसते. हे एक कारण. दुसरं बाईंनी स्वतः सांगितलं होतं. "तुला गाड्यांतलं काही कळत नाही. त्यामुळे तू मत देणार नाहीस. मला साक्षीदार हवाय, सल्लागार नको."

बाई आम्हाला शाळेत भूगोल शिकवत. वडिलांच्या सरकारी नोकरीमुळे त्यांचं बालपण दिल्लीतल्या लक्ष्मीबाई नगरच्या क्वार्टर्समध्ये गेलं आणि पुढचं सगळं आयुष्य दिल्लीतच. वर्ग हिंदीत चाले. पण वर्गातल्या आम्हा चार-दोन मराठी मुलांना त्या व्हरांड्यात गाठत आणि मराठीत उलटतपासणी घेत. घरी आम्ही सगळे 'पास' म्हणायचो. 'खिंड' हा शब्द बाईंनी दिला. सुळका, पठार, उतरण हेही त्यांच्याकडूनच आले. कुणी 'मोड' म्हणालं, तर त्या कानाला हात लावून उभ्या राहत आणि 'वळण' ऐकू येईपर्यंत पुढे सरकत नसत.

वर्षातून एकदा त्या वर्गाला दिल्लीतल्याच हिंदूराव हॉस्पिटलजवळच्या टेकाडावर नेत. हॉस्पिटलच्या बाजूचा तो चढ चढून झाला, की मुलं दमून बसत आणि बाई पायानं खडकावर टपटप करून सांगत, "ये अरावली की पूँछ है. बाकी का जानवर राजस्थान में बैठा है." दिल्लीत राहून आपण एका डोंगराच्या शेपटीवर राहतो, हे आम्हाला त्या दिवशी कळलं.

त्यांचा सर्वांत गाजलेला धडा पर्जन्यछायेचा. फळ्यावर एक पर्वत. डाव्या उतारावर हिरवा खडू, उजव्यावर तपकिरी. मग शिखरापासून खाली एक सरळ, जाड, पांढरी रेष. खडू आडवा धरून. त्या रेषेवर पट्टी आपटून बाई म्हणत, "इस तरफ छाता, उस तरफ टोपी." आम्हा मराठी मुलांसाठी वेगळी आवृत्ती होती: "अलीकडे छत्री, पलीकडे टोपी." ढग पर्वतावर चढतात, इकडे पाऊस पाडून रिकामे होतात आणि पलीकडे कोरडे पोचतात. परीक्षेत हा प्रश्न कुणाचा चुकत नसे.

ती रेष बाईंनी स्वतः कधी पाहिली नव्हती. आई अंथरुणाला खिळलेली होती आणि घरात त्या दोघीच. शाळा आणि घर यांपलीकडे त्यांना रात्रभरही बाहेर राहता आलं नाही. आई गेली त्याच वर्षी बाई निवृत्त झाल्या. त्यानंतर महिन्याभरात त्यांनी मला फोन केला. "मला रोहतांगच्या खिंडीवरून पलीकडे उतरायचंय. भर पावसाळ्यात. आणि मग कोरडं कुठवर जातं ते बघत स्पीतीपर्यंत. गाडी शोधायची आहे."

त्यांचा धाकटा भाऊ फौजेतून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झाला होता आणि नोएडात राहत होता. साठीला टेकलेल्या त्या माणसाला बाई अजून 'बाळ' म्हणत. त्यानं कुटुंबासाठी एका सहलीच्या बसमध्ये जागा धरल्या होत्या. त्यात एक ताईसाठी.

"ताई, बस आरामाची आहे. रोहतांगखालच्या बोगद्यातून जाते, अर्ध्या तासात पलीकडे. जेवण, हॉटेल, सगळं."

"बोगद्यातून?" बाई म्हणाल्या. "अलीकडे बसायचं, अंधारात जायचं, पलीकडे निघायचं. मधला डोंगर कुठे गेला?"

"डोंगर वरती राहतो, ताई."

"मला तोच बघायचाय. आणि बसमधून भूगोल दिसत नाही बाळ, पुढच्याची मान दिसते."

भाऊ हसला, पण सोडलं नाही. त्याचा मुद्दा रास्त होता आणि बाईंनीही तो रास्तच मानला. रोहतांग उतरून स्पीतीकडे वळलं, की रस्ता दगडांचा, आणि ओढे रस्त्यावरून वाहतात. तिथे गाडी अडकली, तर मदत केव्हा येईल, सांगता येत नाही. भाऊ म्हणाला, "तू जा. पण आधी मला दाखव, की अडकलेली गाडी तुला एकटीला काढता येते. नाही आली, तर मुकाट्यानं बसमध्ये बसायचं." बाईंनी क्षणभर विचार केला. आयुष्यभर दुसऱ्यांच्या परीक्षा घेतलेल्या माणसाला परीक्षा नाकारता येत नाही. "मंजूर," त्या म्हणाल्या. "पण गाडी मी निवडणार."

अशी ती निवड सुरू झाली.

दिल्लीत जुनी फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना जोर देणारी गाडी, घेणाऱ्याचं लक्ष सहसा उंचावलेल्या बॉडीकडे, छपरावरच्या दिव्यांच्या ओळीकडे आणि रुंद टायरांकडे जातं. बाई अशा गाडीभोवती एक फेरी मारत आणि मला हळूच म्हणत, "लग्नाची घोडी आहे. डोंगरावर नेऊ नये." त्यांची पहिली मागणी एकच असे: फोर व्हीलचा लीवर टाकून दाखवा.

एका विक्रेत्याशी झालेला संवाद मला जसाच्या तसा आठवतो.

"मॅडम, डॉक्टर साब की गाडी है. घर से क्लिनिक, क्लिनिक से घर. ऑफ-रोड तो कभी गई ही नहीं."

"तो फोर बाय फोर किसलिए ली थी?"

"शौक था जी."

"लीवर लगाइए."

त्यानं एका हातानं ओढलं, मग दोन्ही हातांनी. मग सीटला पाय लावला. लीवर जागचा हलला नाही. कपाळ पुसत तो म्हणाला, "जाम नहीं है मॅडम, बस... कभी जरूरत नहीं पडी."

बाई माझ्याकडे वळल्या. "यांना वाटतं, वापरलं नाही म्हणजे नवं राहतं. वापरलं नाही तर आखडतं." त्या गाडीबद्दल बोलत होत्या. निदान मी तरी तसंच धरलं.

लीवरमध्ये उत्तीर्ण झालेल्या गाडीची पुढची परीक्षा चाकाची. बाई स्वतःचा मुढा, वेताचं बुटकं स्टूल, घेऊन बाजारात येत. खाली बसणं शक्य नव्हतं, मुढ्यावरून उठणं शक्य होतं. त्यावर बसून त्या जॅक लावत, पान्यावर उभं राहून नट सैल करत, चाक काढत आणि परत बसवत. दुकानातली माणसं चहाचे ग्लास घेऊन गोल करून उभी राहत. कुणी पुढे आलंच, तर बाई म्हणत, "भैया, आप मेरे साथ स्पीती चलेंगे?" तो मागे सरके. "ज्या गाडीचं चाक मला काढता येत नाही, ती माझी नाही," हे त्यांचं वाक्य मी किती दुकानांत ऐकलं, ते आता सांगता येणार नाही.

शेवटची चाचणी हिंदूरावच्या चढावर. सपाट दिल्लीत जवळचा चढ तोच. तिथे अर्ध्यावर गाडी थांबवायची, हँडब्रेक ओढायचा, इंजिन बंद करायचं आणि बाजूला उभं राहून बघत राहायचं. एकदा एक देखणी लाल गाडी आमच्या डोळ्यांदेखत सावकाश मागे सरकायला लागली. विक्रेता किंचाळत तिच्यामागे पळाला आणि त्यानं कशीबशी आत उडी मारून ब्रेक दाबला. बाई शांतपणे म्हणाल्या, "शेपटीवर टिकत नाही, पाठीवर काय टिकणार?"

पण खरा पेच वेगळाच होता. लांब गाड्या, ज्यांत बाई सरळ झोपू शकत होत्या, त्या बहुतेक डिझेलच्या. दिल्ली आणि आसपास सरकारी नियमानं डिझेल गाडीचं आयुष्य दहा वर्षांचं, पेट्रोलचं पंधरा. बाईंच्या आवाक्यातल्या डिझेल गाड्या दहाच्या उंबरठ्यावर उभ्या होत्या. विक्रेते म्हणत, "मॅडम, यूपी के किसी गाँव का नंबर करा देंगे." बाई म्हणत, "मैं गाँव की नहीं हूँ, गाडी कैसे होगी?" आणि पेट्रोलच्या फोर बाय फोर होत्या त्या छोट्या, चौकोनी, ज्यांत झोपायचं तर पाय दाराबाहेर. एकीकडे नियम, दुसरीकडे उंची. पावसाळा जवळ येत होता. भावाचे फोन सौम्य होत चालले होते, आणि बाईंना तेच जास्त टोचत होतं.

गाडी शेवटी बाजारात मिळाली नाही, नोएडातल्या एका घरासमोर मिळाली. मालक निवृत्त गृहस्थ होते, पक्षी बघत हिंडणारे. ते मुलाकडे परदेशी चालले होते. गाडी छोटी, पेट्रोलची, रंग उडालेला. तिची वर्षं अजून शिल्लक होती. बाईंनी मला खाली वाकून बघायला लावलं. पोटाला लांबच लांब ओरखडे होते.

"खरचटलंय," मी सांगितलं.

"कुठे तरी गेलीय म्हणजे."

मालक संकोचून म्हणाले, "पहले गियर में थोडी आवाज करती है."

"मैं भी करती हूँ," बाई म्हणाल्या.

लीवर लोण्यातून सुरी फिरावी तसा पडला. चाक निघालं आणि बसलं. हिंदूरावच्या चढावर गाडी तासभर जागची हलली नाही. मग बाई मागून आत शिरल्या आणि आडव्या झाल्या. पाय दाराबाहेर आले. घोट्यापासून पुढे सगळे.

त्या बराच वेळ तशाच पडून राहिल्या. मालक आणि मी एकमेकांकडे बघत होतो. मग आतून आवाज आला, "भाईसाब, ये आगे की बगल वाली सीट कितने बोल्ट पर है?"

"चार होंगे जी."

"पाना दीजिए."

ड्रायव्हरशेजारची सीट निघाली आणि डॅशबोर्डापासून मागच्या दारापर्यंत सलग जागा मोकळी झाली. बाई पुन्हा झोपल्या. या वेळी दार लागलं. काचेतून त्यांचा हात वर आला आणि अंगठा दिसला.

भावाला हे कळलं, तेव्हा तो अस्वस्थ झाला. "ताई, शेजारी कोण बसणार?"

"सामान."

"अगं, पण कुणी बरोबर यायचं म्हटलं तर?"

"जागा नाही," बाई म्हणाल्या. आयुष्यात प्रथमच त्यांना हे वाक्य म्हणता येत होतं आणि त्यांनी ते चवीनं म्हटलं.

त्या मोकळ्या जागेत झोपायला सपाट फळ्या हव्या होत्या. तो प्रश्न शाळेनं सोडवला. वर्गांत स्मार्ट बोर्ड आले, तेव्हा जुने लाकडी फळे गच्चीवर टाकले होते. बाईंनी त्यांच्या वर्गाचा फळा मागून घेतला होता. का, ते तेव्हा कुणाला कळलं नव्हतं. आता सुतारानं त्यातून दोन मजबूत फळ्या कापल्या. टोकाला टोक लावल्या की पलंग. एका अंगाला काळा रंग तसाच ठेवला, दुसऱ्या अंगाला बाईंनी तागाची पायपुसणी खिळ्यांनी ठोकली. "रात्री काळ्या बाजूवर झोपायचं. दिवसा गाडी रुतली, तर चाकाखाली टाकायच्या, ताग वर करून. चाक धरतं."

परीक्षा यमुनेच्या खादरात, नदीकाठच्या सपाट पूरजमिनीत, झाली. भावानं जागा निवडली: ओळखीच्या शेतकऱ्याच्या शेतापलीकडचा कोरड्या वाळूचा पट्टा. त्यानं बाईंना उतरवलं, स्वतः गाडी आत घातली आणि चाकं जागच्या जागी फिरवत ठेवली. गाडी पोटापर्यंत बसली.

"बाळ," बाई म्हणाल्या, "एवढी पुरलीस? शत्रूची आहे का?"

"नाला विचारून अडकवत नाही, ताई."

मग आम्ही दोघं बाजूला उभे राहिलो. बाईंनी किल्लीला हात लावला नाही. आधी गाडीभोवती एक फेरी. मग मुढा टेकवून, वाळूत पकड वाढावी म्हणून, प्रत्येक टायरमधली हवा कमी केली. बागेतल्या फावड्यानं मागच्या चाकांसमोरची वाळू उपसली. सकाळचं ऊन चढत होतं. त्या दर थोड्या वेळानं थांबत, पाणी पीत, पुन्हा सुरू करत. मग फळ्या चाकांखाली सरकवल्या, आत बसल्या आणि लीवर टाकला.

गाडी हलली, फळ्यांवर चढली आणि तिथेच थरथरत राहिली. चाकं गरगर फिरली, जळल्याचा वास आला, एक फळी सुरकन मागे फेकली गेली आणि गाडी पुन्हा बसली. आधीपेक्षा खोल.

भाऊ दोन पावलं पुढे गेला. त्याच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता. मी नीट पाहिलं आहे. मीही निघालो होतो. खिडकीतून आवाज आला, "हात लावायचा नाही. पेपर चालू आहे."

बाई उतरल्या. मागे पडलेल्या फळीकडे बघत उभ्या राहिल्या. मग कपाळावर हात मारला आणि हसायला लागल्या. मोठ्यानं, सगळ्या खादराला ऐकू जाईल असं.

फळ्या काळी बाजू वर करून ठेवलेल्या होत्या. गुळगुळीत बाजू. ताग खाली वाळूत. त्यांनी स्वतः ठोकलेला, स्वतः समजावून सांगितलेला ताग.

"अरे, फळा उलटा कोण ठेवतं?" बाई डोळे पुसत म्हणाल्या. "हातानं आपोआप सरळ ठेवला."

त्यांनी पुन्हा वाळू उपसली. पुन्हा मुढा, पुन्हा फावडं. या वेळी त्या जास्त वेळा थांबल्या. फळ्या उलट्या केल्या, ताग वर. गाडीत बसल्या. पहिल्या गियरनं आपला तो आवाज केला, आणि गाडी म्हाताऱ्या म्हशीसारखी सावकाश, ओरडत, वाळूतून उठली आणि कडक जमिनीवर जाऊन थांबली.

भावानं वाळूतून फळ्या उचलून आणल्या, एकमेकींवर आपटून झटकल्या. काळ्या रंगावर टायरनं पांढरे चट्टे पाडले होते. मग त्यानं विचारलं, "हवा भरायचा पंप आहे?"

"आहे."

"दे."

"परीक्षा संपली ना?"

"संपली. म्हणून तर भरतोय." चारही टायरांत त्यानं पायानं पंप मारला. घामाघूम झाल्यावर म्हणाला, "बसवाल्याला कळवतो, एक जागा रिकामी आहे."

मी बातम्यांच्या धंद्यात आहे. मोठी माणसं मोठ्या गोष्टी जाहीर करताना मी जवळून पाहिली आहेत. त्या सकाळी खादरात मला जो अभिमान वाटला, तो त्यांतल्या कुठल्याही जागी वाटलेला नाही.

बाई भर पावसाळ्यात गेल्या. एकट्या. शेजारच्या जागेत फळ्या, मुढा, फावडं आणि आईची काळी छत्री. दिल्लीत आम्ही दोघं, त्यांचा भाऊ आणि मी, एकमेकांना रोज फोन करत होतो आणि दुसऱ्याला काळजी वाटत असेल म्हणून केला, असं सांगत होतो. मग बरेच दिवस बाईंचा फोन लागलाच नाही.

लागला तेव्हा आवाज तुटक येत होता. त्या स्पीतीत पोचल्या होत्या. एका ओढ्यात गाडी रुतली होती आणि निघाली होती. "ताग वर," त्या म्हणाल्या, "लक्षात ठेवलं." मग एकदम गंभीर झाल्या. वर्गात चूक सापडल्यावर व्हायच्या तशा.

"अरे, ऐक. रोहतांग चढताना मी प्रत्येक वळणावर उतरत होते. छत्री उघडायची, बघायचं. खिंडीत पोचले, तेव्हा धो धो पाऊस. मला वाटलं, आता पलीकडे उतरलं की रेष येईल. उतरले. तिथेही पाऊस. मग थोडा कमी. मग नुसतं धुकं. हिरवं फिकट होत जातं, कुठे तुटत नाही. खाली एका ठिकाणी मी छत्री उघडी धरून चालत होते आणि लक्षात आलं, की बराच वेळ पाऊसच नाही. केव्हा थांबला, कळलं नाही. वरून गेलं म्हणून दिसलं. बोगद्यातून गेले असते, तर मला वाटलं असतं, रेष आहे."

"म्हणजे बाई..."

"म्हणजे मी चुकीचं शिकवलं. इतकी वर्षं. तू बातमीदार आहेस. चुकलं, तर तुम्ही दुरुस्ती देता ना? दे."

मी हाताशी असलेल्या जुन्या वर्गमित्रांना कळवलं. एक पुण्याला आहे, एक फौजेत, एकीनं तर मधूनच विचारलं, "बाई गेल्या? एकट्या? खरंच?" पण वर्ग पुष्कळ झाले आणि माणसं पांगली. सगळ्यांपर्यंत पोचायला दुसरा मार्ग नाही. म्हणून ती दुरुस्ती इथे देत आहे.

फळ्यावर काढलेली ती पांढरी रेष डोंगरावर नाही. छत्री नक्की कुठे मिटायची, हे आमच्या बाईंनी स्वतः गाडी चालवत जाऊन पाहिलं आहे, आणि त्यांना ते सांगता येत नाही.